मेट्रो येतेय, कुंड्या तयार ठेवा

पुण्यातल्या सिंहगड रोड, वारजे, हडपसर आणि खराडीकर मंडळींचं मनापासून अभिनंदन! नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी आणि नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग अशा दोन मेट्रो मार्गांना मंजुरी दिली. ३१.६ किलोमीटर, २८ स्टेशनं, मुदत पाच वर्षं. शिवाय नदीकाठाचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प आहेच, त्यात चालायची आणि सायकलची वाट. रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो, नदीच्या कडेने पायवाट, आणि मधे तुम्ही. अशा वेळी नागरिक म्हणून आपली पूर्वतयारी असायला हवी. परवा एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ती इतकी पद्धतशीर केलेली दिसली की बाकीच्यांनाही मार्गदर्शन व्हावं असं वाटलं. बोर्डावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एकात, येणाऱ्या स्टेशनला आपल्याच चौकाचं नाव द्यावं असा अर्ज. दुसऱ्यात, फुटपाथ रुंद करायला हरकत घेण्यासाठी सह्यांचा तक्ता वॉचमनकडे ठेवल्याची सूचना. अर्जावर चार सह्या होत्या. तक्त्याला पुरवणी जोडावी लागली होती.

तर सुरुवात करू.

सगळ्यात आधी भाडं वाढवा. मंजुरीची बातमी आली त्याच संध्याकाळी.

मग जाहिरात. ‘प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं’ असं बिनधास्त लिहा. पाच मिनिटांत धडधाकट माणूस साधारण चारशे मीटर चालतो, तेसुद्धा वाट सलग असेल तर, हा हिशेब कोणी मांडत नाही. मधे दुभाजकाचं रेलिंग, एक नाला आणि सिग्नलचे नव्वद सेकंद येतात, तेही कोणी मोजत नाही.

मुदत पाच वर्षं आहे, तेव्हा घाई नको. पहिल्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, वनाझहून पहिली गाडी मार्च २०२२ मध्ये सुटली आणि स्वारगेटला पोहोचायला सप्टेंबर २०२४ उजाडला. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधलं, त्याबद्दल विद्यापीठ चौकातून रोज जाणाऱ्यांना मी काय सांगणार. तुमच्या मुलाची आत्ता दहावी असेल तर त्याने पहिल्या नोकरीला मेट्रोने जावं, एवढी आशा ठेवा.

माती तपासणारं तीन पायांचं यंत्र रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं की लगेच फोटो काढून ग्रुपवर टाका: ‘आपल्या समोरच स्टेशन!’ प्रत्यक्षात ते तीन-एक इंची भोक पाडून खालचा मुरूम आणि कातळ नळीत भरून वर काढतात, लाकडी खणांच्या पेटीत ओळीने मांडून ठेवतात आणि पुढच्या खांबाच्या जागी निघून जातात. खांब साधारण पंचवीस-तीस मीटरवर एक येतो. तेवढ्या अंतराने तेवढीच ‘स्टेशनं’ ग्रुपवर येतात.

भिंतींच्या भेगा बघू नका. काम सुरू होण्याआधी प्रत्येक भेगेचा, शेजारी पट्टी धरून, तारखेसकट फोटो काढायचा असतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायची, मधे प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक ठिपका लावायचा. ठिपका तडकला तर भेग वाढतेय, नाही तडकला तर ती आपली जुनीच, २००५ च्या गिलाव्यातली. तासाभराचं काम आहे. पण ते केलं तर पुढे कोणाशी भांडताना नेमकं बोलावं लागेल, आणि त्यात मजा नाही. त्यापेक्षा ड्रिलिंग सुरू झालं की जिन्यात उभं राहून ‘बिल्डिंग हलली’ म्हणा.

आपल्या इमारतीचं पाण्याचं कनेक्शन मुख्य लाईनला नेमकं कुठे जोडलंय, ड्रेनेजचं शेवटचं चेंबर कंपाउंडच्या आत आहे की बाहेर, हे माहीत करून घेऊ नका. ते ठाऊक असलेला एकमेव प्लंबर आता गावी असतो. खांबाच्या पायासाठी आधी पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, फोन हे सगळं बाजूला सरकवतात. कागदावर जी लाईन दाखवलेली असते ती तिथे नसते, आणि जी कागदावर नसते ती जेसीबीच्या दाताला लागते. त्या दिवशी टँकर मागवा आणि सरकारला शिव्या द्या. एका पानावर हाताने काढलेला नकाशा, गेटपासून मोजलेली अंतरं आणि चेंबरचे चार फोटो साइट इंजिनिअरच्या हातात दिले असते तर हे टळलं असतं, पण एवढा उद्योग सांगितलाय कोणी?

पत्रे लागतील. रस्त्याच्या मधले आठ-नऊ मीटर पत्र्याआड गेले की दोन्ही बाजूंना एकेक लेन उरते. सिंहगड रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको, त्यांचे उड्डाणपुलाचे पत्रे २०२५ मध्ये कुठे निघाले. उरलेल्या त्या लेनमध्ये गाडी ‘दोनच मिनिटं’ लावून वडापाव घ्यावा.

आता मुख्य विषय. फुटपाथ.

हा मेट्रोचा भाग नाही, हे आधी मनावर ठसवून घ्या. ३१.६ किलोमीटरमध्ये २८ स्टेशनं, म्हणजे दोन स्टेशनांमध्ये सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर. मार्गाला लागून राहणाऱ्यालाही पाचसहाशे मीटर चालावं लागू शकतं, गल्लीत आत राहणाऱ्याला त्याहून जास्त. प्रत्येक प्रवाशाचा प्रवास चालण्याने सुरू होणार आणि चालण्यानेच संपणार. हे अंतर कशावरून चालायचं, असा प्रश्न कोणी विचारलाच तर ‘रिक्षा आहेत ना’ म्हणून मोकळं व्हावं.

तरीही पालिकेने फुटपाथ केलाच, तर तो आपलासा कसा करायचा ते नीट समजून घ्या. नियमाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर जाऊ शकतील, एवढी. ही रुंदी खाण्याचं काम कुंडीपासून सुरू करा. सिमेंटची, गेरू लावलेली, आत तुळस किंवा क्रोटन. कुंडीला कोणी अतिक्रमण म्हणत नाही, तिला सुशोभीकरण म्हणतात. सहा महिन्यांनी दोन कुंड्यांच्या मधे साखळी. वर्षाने साखळीच्या आत चेअरमनची स्कूटर. पुढे वॉचमनच्या केबिनला कंपाउंडमध्ये जागा पुरत नाही असं लक्षात येतं. मग जनरेटर. उरलेल्या पट्ट्यात विजेचा डीपी, झाडाचं आळं आणि ‘स्वच्छ सुंदर’चा फलक. तिथून जायचं तर माणसाला अंग तिरकं करावं लागतं. आंधळ्या माणसासाठी बसवलेल्या पिवळ्या फरशा असतातच. रेघांची फरशी म्हणजे सरळ चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा. आपल्याकडे रेघांची ओळ थेट डीपीच्या दारात जाऊन संपते. ठिपके बसवायचे राहून गेलेले असतात.

गेटसमोरचा उतार हा दुसरा अध्याय. खरी पद्धत अशी की फुटपाथ गेटसमोरही त्याच उंचीवर सलग राहतो आणि चढायचे कष्ट गाडीने घ्यायचे. कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे गाडीला चढायला काही हिमालय नाही. आपण उलट करतो. प्रत्येक गेटसमोर फुटपाथच कापून खाली आणतो, म्हणजे चालणारा शंभर मीटरमध्ये सहा वेळा उतरतो आणि सहा वेळा चढतो. गुडघे बदललेल्या आजी मग फुटपाथचा नाद सोडून देतात आणि हातात भाजीची पिशवी घेऊन बसच्या पुढून चालतात. एवढ्याने भागत नाही म्हणून काही सोसायट्या रस्त्याच्या कडेच्या पन्हाळीत काँक्रीट ओतून उतार करतात आणि पाणी जायला खालून चार इंची पीव्हीसी पाइप टाकतात. पहिल्या पावसात त्या पाइपच्या तोंडाशी गुटख्याच्या पुड्या, बदामाची पानं आणि एक चप्पल येऊन बसते. तुंबलेलं पाणी शेजारच्या गेटमधून आत शिरतं. शेजारी आपला उतार एक वीत उंच करतो. त्याच्यापुढचा दीड वीत. मग सगळे मिळून पालिकेला निवेदन देतात की रस्त्यावर पाणी साचतं.

आणि ते खांब! गाड्या चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी लावतात ते स्टीलचे किंवा दगडी आडकाठीचे खांब. व्हीलचेअरला जायला ९० सेंटिमीटर जागा सोडावीच लागते. स्कूटरचं हँडल साधारण ७० सेंटिमीटर. म्हणजे व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटर जाणार म्हणजे जाणारच, वर दोन्हीकडचं मिळून जवळजवळ वीतभर उरेल. जगातला कुठलाही खांब हे गणित सोडवू शकत नाही. तो स्कूटरवाल्याला थोडी लाज असेल, या भरवशावर उभा असतो. सिग्नलला तिसाव्या सेकंदाला त्या फटीतून रांगेने आत शिरणारे, फुटपाथवर चालणाऱ्या माणसाच्या पाठीमागे येऊन हॉर्न वाजवणारे, आणि तो बाजूला झाला नाही तर ‘काका, दिसत नाही का?’ विचारणारे कोण आहेत? परग्रहावरचे आहेत? संध्याकाळी तेच ग्रुपवर ‘सिंगापूरमध्ये बघा’ म्हणून व्हिडिओ टाकतात.

फरशा उखडतात तेव्हाही आपण ठेकेदाराला धरतो. काही वेळा बरोबर असतं. खालची वाळू नीट दाबलेली नसते, कडेला बांधीव पट्टी नसते, केबलसाठी खणलेला चर परत तसाच भरलेला असतो. पण चालण्यासाठी ६० मिलिमीटरचे ब्लॉक घातलेत आणि त्यावर तुम्ही रोज रात्री दीड टनाची एसयूव्ही चढवता, तर ते खचणारच. त्याला भ्रष्टाचार म्हणत नाहीत, वजन म्हणतात.

सायकल ट्रॅकचं सांगायचं राहिलं. पुण्याने २०१७ मध्ये मोठा सायकल आराखडा मंजूर केला. जिथे ट्रॅक झाले तिथे पार्किंगची सोय उत्तम आहे.

स्टेशन आपल्यापासून जवळ हवं, पण त्याचा जिना दुसऱ्याच्या दारात उतरावा, असा आग्रह धरा. जिना, सरकता जिना, लिफ्ट हे सगळं शेवटी कुठेतरी जमिनीला टेकतं, आणि फुटपाथमागची दोन मीटर जागा कोणी दिली नाही तर ते फुटपाथवरच टेकतं. म्हणजे जिना उतरून माणूस थेट डांबरावर, समोरून पीएमपीची बस. याचे नकाशे कामाआधी बघायला मिळतात. ते बघायला जाऊ नका. गेलात तर आपलं गेट नकाशावर कुठे येतं, तिथे फुटपाथ किती उरतो, रस्ता ओलांडायची जागा कुठे आहे, असे तीन प्रश्न लेखी विचारावे लागतील आणि पोच घ्यावी लागेल. सह्यांचा तक्ता सोपा. त्यावर फक्त सही करायची असते, वाचायचं नसतं.

काय लिहिलंय हो त्या तक्त्यावर? ‘पार्किंगचा प्रश्न गंभीर असल्याने.’ कोणाचं पार्किंग? सोसायटीच्या आतलं स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालची मोकळी जागा, बंद करून तिथे ऑफिस आणि जिम केलंत, ते पार्किंग होतं. घरटी तीन गाड्या घेतल्यात तेव्हा जागा आहे का, हे विचारलं होतंत? रस्त्याची कडा तुमच्या वडिलांनी विकत घेतलेली नाही. मेट्रो कशासाठी हवी आहे तुम्हाला? बसायला तर तुम्ही जाणार नाही, कारण स्टेशनपर्यंत चालता येत नाही. आणि चालता येत नाही, कारण तुम्ही चालू देत नाही. तुम्हाला मेट्रो हवी आहे ती फ्लॅटच्या भावासाठी, आणि समोरची चार माणसं मेट्रोने गेली तर आपल्या गाडीला रस्ता मोकळा मिळेल म्हणून. ती चार माणसं म्हणजे तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, वॉचमन, क्लासला जाणारी पोरं आणि वरच्या मजल्यावरचे काठी टेकत जाणारे काका. रोज सकाळी तुमच्या गेटसमोर रस्त्यावर उतरतात ना, तीच.

पाच वर्षं आहेत म्हणता. सही मागे घ्यायला पाच मिनिटं लागतात. आणि टेप घेऊन खाली जा, कंपाउंडच्या भिंतीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत मोजा. १.८ मीटर भरत नसेल तर ती कुंडी आधी आत घ्या. आजच. तुळस आतही जगते.