नटबोल्टावरचा लगान

आयात पोलादासारखा माल बनवताना जो कार्बन हवेत गेला त्यावर युरोप जो कर लावतो, त्या कार्बन सीमाकराला, म्हणजे सीबॅमला, 'हरित वसाहतवाद' म्हणण्याची तिकडे भारतात सध्या चढाओढ आहे. इथे नेदरलँड्समध्ये बसूनही ती ऐकू येते. दीडशे वर्षं लुटलं आणि आता धुरावरही लगान घेतात, असं म्हटलं की चर्चा संपते. एक टन बोल्टवर नेमके किती युरो बसतात आणि ते जातात कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

तर हिशेब. ब्लास्ट फर्नेसच्या पोलादापासून केलेल्या बोल्टमागे, समजा, टनाला २.३ टन कार्बन डायऑक्साइड धरला. युरोपातल्या कारखान्यांना ठरावीक मापदंडापर्यंतचे उत्सर्जन परवाने फुकट मिळतात. तेवढी वजावट आयात मालालाही मिळते. तो मापदंड १.४ टन धरा आणि एका टनाच्या परवान्याचा भाव ७५ युरो. २०२६ मध्ये ही फुकट खिरापत फक्त २.५ टक्क्यांनी घटली आहे, म्हणून आपल्या मालावर टनाला साधारण ७० युरो. २०३० मध्ये घट ४८.५ टक्के, तेव्हा ११८ युरो. २०३४ मध्ये फुकट काहीच नाही, तेव्हा १७२. बोंब ७० युरोंवर चालली आहे, तयारी १७२ ची हवी.

तयारी म्हणजे काय? बोल्टवाल्याच्या स्वतःच्या उष्णतोपचार भट्टीचा वाटा किरकोळ असतो, खरा बोजा वायर रॉडबरोबरच, म्हणजे ज्या पोलादी तारेपासून बोल्ट होतो तिच्याबरोबरच, येतो. रॉड व्यापाऱ्याकडून घेतला की मिल टेस्ट सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर कार्बन-मँगनीजची टक्केवारी असते, उत्सर्जनाचा आकडा नसतो. तीन मिलच्या कॉइल एकाच लॉटमध्ये गेल्या आणि हीट नंबर, म्हणजे पोलाद कोणत्या ओतणीतलं हे सांगणारा क्रमांक, लॉटकार्डवर उतरवला नाही, तर नंतर कोणताही पडताळणीकार तो हिशेब जुळवून देऊ शकत नाही. मग लागतात युरोपने ठरवलेली ढोबळ मूल्यं, आणि ती मुद्दामच चढी ठेवलेली आहेत. एक टन बोल्टला १.०५ टन रॉड लागत असेल तर वरच्या ५० किलोंचं उत्सर्जनही धरावं लागतं. ते विसरलं की हिशेब चुकतो.

आणखी दोन गैरसमज तिकडच्या सल्लागारांनीच पसरवलेत. ५० टनांपर्यंतच्या मालाला सीबॅममधून असलेली सूट निर्यातदाराला नाही. ती युरोपातल्या आयातदाराला, वर्षभराच्या त्याच्या सगळ्या पुरवठादारांच्या मालावर मिळून आहे. आणि छतावर सोलर बसवून पोलादावरचा सीबॅम एका युरोनेही कमी होत नाही, कारण लोखंड-पोलादात सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतात, विजेचं नाही. फरक पडतो तो भट्टीत काय घातलं याने. भंगार शून्य धरतात, कोळशावरचं स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून थेट केलेलं लोखंड, आपला सगळा धूर बरोबर घेऊन येतं. जालन्याच्या दोन शेजारी इंडक्शन भट्ट्यांचे आकडे एवढ्याशा गोष्टीने कुठच्या कुठे जाऊ शकतात.

हे सगळं तिकडच्यांना सुनावलं म्हणजे युरोप धुतल्या तांदळासारखा ठरतो असं नाही. २०२० च्या जुलैत कोविडमधून सावरण्यासाठी इथे ७५० अब्ज युरोंचं कर्ज उभारायचं ठरलं, आणि ते फेडायला जे नवे उत्पन्नाचे मार्ग सुचवले गेले त्यांत सीबॅम आहे. त्याच ऑक्टोबरात भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत लसींवरचे पेटंट हक्क स्थगित करा म्हटलं, तर युरोपने विरोध केला. म्हणजे संकट सगळ्यांचं आणि वसुली सीमेवर. इथे बाटली यंत्रात टाकली की १५ सेंटचं स्टॅटीगेल्ड, म्हणजे बाटलीची अनामत, हातात परत पडतं. सीबॅमचा एक सेंटही जालन्याला किंवा लुधियानाला परत जाईल असं बंधनकारक कलम कुठे नाही.

आणि इथल्या आयमाउडनच्या पोलाद कारखान्याचं काय? कारखाना टाटांचा. तो हरित करायला डच सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये दोन अब्ज युरोंपर्यंतच्या मदतीचा इरादा-करार केला. वेल्समधल्या टाटांच्याच पोर्ट टॅलबटला ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले. आपल्या हद्दीतल्या भट्टीला अनुदान आणि परक्या भट्टीला बिल, याला न्याय्य व्यापार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण मग आपणही आपला कर घ्यायचा होता. मूळ देशात खरोखर भरलेली कार्बन किंमत सीबॅममधून वजा होते. भारतात २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये अधिभार होता, २०१६ मध्ये तो ४०० झाला. कार्बन डायऑक्साइडच्या टनाला मोजला तर जेमतेम तीनेक युरो, आणि तोही कोळशाच्या वजनावर, कार्बनवर नाही, म्हणून वजावटीला बिनकामाचा. २०१७ मध्ये तो जीएसटी भरपाईत विरघळला. आता आलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना मालाच्या टनामागे किती उत्सर्जन होतं त्या तीव्रतेवर आहे, त्यामुळे लक्ष्य गाठणारा काहीच भरत नाही. जे भरलंच नाही ते वजा कसं होणार? जो पैसा नागपूर-पुण्याच्या भट्ट्या बदलायला लागला असता, तो ब्रसेल्सला पोचता करायची सोय आपणच केली.

'आपणच' लिहिलं खरं. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे असतात, म्हणून चोरी पकडली जाते. आयमाउडनच्या कारखान्याशेजारच्या वाइक आन झे गावातल्या घसरगुंड्यांवर ग्राफाइटची धूळ पडते म्हणून चिडतो ते आम्ही. जमशेदपूरच्या धुराला विकास म्हणतो ते आपण. कर देणारे आपण, त्यातून कर्ज फेडणारे आम्ही. दोन्ही सर्वनामं एकाच लेखात वापरणाऱ्याने 'लगान' या शब्दावर एवढं चिडावं का, हा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, तारीख आहे. २०२६ सालच्या मालाचं पहिलं विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत भरायचं आहे. आज कापलेल्या कॉइलचा हीट नंबर आजच लॉटकार्डवर नसेल, तर तो त्या दिवशी कुठूनही आणता येणार नाही.