बाईचा वेळ काय फुकटचा आहे का?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, त्यामुळे सूर चढा लागेल, लागू दे. मला एवढंच सांगा की बाईचा वेळ सगळ्यांना फुकटचा का वाटतो? घरच्यांना, ऑफिसवाल्यांना, शाळेला, नातेवाइकांना, सगळ्यांनाच. कुणाचं काही अडलं की पहिली हाक हिला, कारण ही करेलच, हिला कुठे काय असतं.

शाळेचंच घ्या. फॉर्मवर आम्ही मुद्दाम पहिला नंबर नवऱ्याचा टाकलाय, कारण त्याचं ऑफिस शाळेच्या जवळ आहे आणि माझं लांब. तरी मुलाला ताप आला की फोन मलाच. परवा तर नवरा सुट्टी घेऊन घरी होता, मी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देतेय, स्क्रीन शेअर केलेली आणि फोन वाजतोय, मी कट करतेय, परत वाजतोय, शेवटी सॉरी म्हणून बाहेर येऊन घेतला तर "मॅडम, त्याला बरं वाटत नाहीये, घेऊन जा." म्हटलं त्याच्या बाबांना लावलात का फोन, तर म्हणे "नाही, म्हटलं ते कामात असतील." आणि मी काय करत होते?? आत गेले तर सगळे गप्प बसलेले आणि साहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हिचं हे घरचं चालूच असतं. तो फोन नवऱ्याला ऑफिसात आला असता ना तर हेच लोक म्हणाले असते, किती जबाबदार बाप आहे.

नवरा वाईट नाहीये, उगाच त्याच्यावर घसरू नका. सांगितलं की करतो. पण सांगावं लागतं ना! लसीची तारीख, फी कधी भरायची, बूट लहान झालेत, सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्यात, पुढच्या आठवड्यात त्यांची तपासणी आहे आणि त्याच दिवशी शाळेत पालकसभा आहे, हे सगळं डोक्यात कुणी ठेवायचं? ते काम कुणाला दिसतच नाही, आणि ते संपतही नाही, रात्री डोळा लागेपर्यंत चालूच असतं. बरं त्याने सासऱ्यांना एकदा डॉक्टरकडे नेलं की नणंद मला म्हणते, "वहिनी, नशीबवान आहात हो, दादा किती करतो तुमच्यासाठी." माझ्यासाठी? वडील त्याचे आहेत! पोरगं दोघांचं आहे! मी इतकी वर्षं करतेय त्याचं आजवर कुणी एका शब्दाने कौतुक केलं नाही, आणि मला ते कौतुक नकोच आहे, मला माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेलं बघायचंय.

आणि हे माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८ चा अहवाल आहे, जगभरात घरकाम आणि माणसं सांभाळणं हे जे बिनपगारी काम चालतं त्यातलं ७६.२ टक्के बायका करतात, म्हणजे पुरुषांच्या तिपटीहून जास्त. तिप्पट! आणि एवढं करूनही ज्या बायका पूर्णवेळ घरी आहेत त्यांना ऐकावं लागतं "तू काय, घरीच तर असतेस". त्यांचा वेळ तर जणू सार्वजनिक मालमत्ता, बँकेत त्यांना पाठवा, दवाखान्यात सोबत त्यांना बसवा, शेजाऱ्यांची पोरं त्यांच्याकडे सोडा. नोकरी करणारीने नोकरी केली म्हणून ऐकायचं, न करणारीने केली नाही म्हणून ऐकायचं, मग करायचं तरी काय बाईने?

आइसलँडमधल्या बायकांनी काय केलं होतं ते वाचा एकदा. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, नोकरीतलंही आणि घरातलंही. शाळा, बँका, कारखाने, कित्येक ठिकाणी कामं ठप्प झाली, बापांना पोरं घेऊन ऑफिसला जावं लागलं. आणि पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला. इतकी वर्षं समजावून जे कळत नव्हतं ते एका दिवसात कळलं, कारण त्या एका दिवशी तो वेळ फुकट मिळाला नाही!

आता खरं ज्यामुळे आज संताप झालाय ते सांगते. आमच्याकडे एक मोठं प्रोजेक्ट आलंय, दोन महिने बाहेरगावी राहायचं, ज्याने केलं त्याचं प्रमोशन जवळजवळ नक्की. त्यासाठीची सगळी तयारी मी केलेली. आज यादी आली तर माझं नाव नाही. विचारलं तर साहेब अगदी प्रेमाने म्हणतात, "तुझं मूल लहान आहे, तुझी ओढाताण नको म्हणून मीच काढलं." आणि ज्याचं नाव घातलंय त्याचं मूल माझ्या मुलापेक्षा लहान आहे!! त्याला कुणी विचारलं नाही की घरी कोण बघणार. विचारायची गरजच नाही, घरी त्याची बायको आहे ना, तिचा वेळ सगळ्यांनी आधीच गृहीत धरलाय.

क्लॉडिया गोल्डिन म्हणून अर्थतज्ज्ञ आहेत, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना, त्यांनी नेमकं हेच मांडलंय की एकाच पेशातल्या बाई-पुरुषांच्या कमाईतली मोठी तफावत पहिल्या मुलानंतर पडते, कारण जास्त पगार त्याला मिळतो जो कधीही बोलावलं की हजर राहू शकतो. आणि डेन्मार्कमध्ये, जिथे रजा आहे, पाळणाघरं आहेत, तिथेसुद्धा मूल झाल्यावर बाईची कमाई पुढे कायमची साधारण २० टक्क्यांनी मागे पडते असं तिथल्या अभ्यासात निघालंय, आणि बापाच्या कमाईला जवळपास धक्काही लागत नाही. मूल दोघांचं, किंमत एकीने मोजायची!

साहेबांना मेल टाकलाय. माझी ओढाताण होणार की नाही ते मी बघेन, मुलाचा बाप बघेल, आमचं घर बघेल. नाही म्हणायचं असेल तर मी माझ्या तोंडाने म्हणेन, पण आधी मला विचारा.