भुताची साक्ष आणि रहस्यकथेतला न्याय

बेन आरोनोविच यांची 'रिव्हर्स ऑफ लंडन' ही 2011 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी गुरुजींनी आणि मी पाठोपाठ वाचली आणि तेव्हापासून पानठेल्यासमोरच्या ओट्यावर आमचा एकच वाद चालू आहे. ज्या कथेत भुते आणि मंत्र खरे मानले आहेत, तिला रहस्यकथा म्हणावे का, हा तो वाद. वैनगंगेकाठच्या आमच्या गावात धानाची मळणी आटोपली की संध्याकाळी ओटा भरतो. गुरुजी, निवृत्त जमादारकाका, कृषी केंद्रवाले भाऊ आणि झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवणारे आमचे एक मित्र असे सगळे जमतात. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांना मी कथा सांगितली; शेवट मात्र राखून ठेवला.

पीटर ग्रँट हा लंडनच्या पोलीस दलातला नवखा शिपाई आहे. कॉव्हेंट गार्डनमधल्या चर्चसमोर एका माणसाचे मुंडके उडवले जाते, आणि थंडीच्या रात्री त्या जागेवर पहारा देत असताना पीटरला एक साक्षीदार भेटतो. तो साक्षीदार मरून शंभराहून अधिक वर्षे झालेली आहेत. पीटर गोंधळतो, पण त्याच्यातला शिपाई जागा असतो आणि तो साक्षीदाराची विचारपूस सुरू करतो.

गुरुजींचा पहिला आक्षेप इथेच होता. रोनाल्ड नॉक्स या लेखकाने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले आणि त्यांतल्या दुसऱ्याच नियमाने अलौकिक शक्तींना कथेबाहेर ठेवले, हे त्यांनी आम्हाला सांगितले. वाचकाने डोके चालवून गुन्हेगार शोधायचा असतो, आणि लेखकाला हवे तेव्हा भूत येऊन बोलणार असेल तर वाचकाने विचार तरी कशाला करायचा, असे त्यांचे म्हणणे.

याला पहिले उत्तर जमादारकाकांनी दिले आणि ते मला फार पटले. ते म्हणाले, "गुरुजी, हे भूत साक्षीदार नव्हे, खबरी आहे. आमच्या नोकरीत अर्धे गुन्हे खबऱ्यामुळे उघडकीस आले. पण खबऱ्याचे नाव कधी कागदावर आले नाही आणि त्याच्या शब्दावर कोणाला शिक्षाही झाली नाही. त्याने दिशा दाखवायची आणि पुरावा आम्ही गोळा करायचा." कादंबरीतही नेमके तसेच घडते. भुताचे म्हणणे पीटर कोणत्याही न्यायालयात मांडू शकत नाही. त्याला कॅमेऱ्यांतली चित्रे, जबाब, घरांच्या झडत्या या सरळ वाटेनेच जावे लागते. घटनास्थळ राखण्याचे कंटाळवाणे काम नव्या शिपायाच्याच गळ्यात पडते, हे वाचून दाखवले तेव्हा तर काकांनी लेखकाला तिथेच प्रमाणपत्र देऊन टाकले.

मंत्राच्या बाबतीतही लेखक मोकाट सुटलेला नाही. आयझॅक न्यूटनने जादूचे शास्त्र बांधले, अशी या कादंबरीतली कल्पना आहे. खऱ्या न्यूटनने किमयेवर, म्हणजे हलक्या धातूचे सोने करू पाहणाऱ्या विद्येवर, विपुल लिहून ठेवलेले असल्यामुळे ही कल्पना अधांतरी वाटत नाही. पुढचा भाग मला सर्वांत आवडला. पीटर पुढे मंत्र शिकू लागतो, आणि मंत्र म्हटल्यावर आपला मोबाइल निकामी होतो, हे त्याच्या लक्षात येते. तो उघडून पाहतो, तर आतल्या चिपची बारीक वाळू झालेली असते. दुसरा कोणी घाबरला असता किंवा हात जोडले असते; पीटर मात्र यंत्रे मांडून प्रयोग करतो, आणि वीजप्रवाह बंद असलेले यंत्र वाचते असा निष्कर्ष काढून पुढे त्याप्रमाणे वागतो. विज्ञानाच्या तासाला गुरुजी मुलांना याहून वेगळे काय शिकवतात, असे मी त्यांना विचारले. त्यांनी ते मान्य केले, पण नॉक्सचा नियम सोडला नाही.

माझ्या मते या कादंबरीत वाचकावर अन्याय होत असेल, तर तो भुतामुळे होत नाही. खुनांमागचा क्रम 'पंच अँड ज्यूडी' या इंग्रजांच्या बाहुल्यांच्या खेळावरून घेतलेला आहे. लांब नाकाचा, हातात सोटा घेतलेला पंच आधी तान्ह्या मुलाला फेकून देतो, मग बायकोला मारतो, मग पकडायला येणाऱ्यांना झोडपतो, आणि शेवटी फाशी देणाऱ्यालाच फासावर चढवतो. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या रोजनिशीकाराने 9 मे 1662 रोजी कॉव्हेंट गार्डनमध्येच हा खेळ पाहिल्याचे आपल्या रोजनिशीत लिहिले आहे, आणि तिथल्या चर्चच्या भिंतीवर तसा लेखही कोरलेला आहे. म्हणजे लेखकाने दुवा पहिल्या प्रकरणातच, खुनाच्या जागेतच ठेवला आहे. लंडनच्या वाचकाला तो दिसू शकतो. आपल्याला मात्र तो पुढे कोणीतरी समजावून सांगावा लागतो. ऑर्गनवाले मित्र म्हणाले की, आपल्या गावात कोणी रामायणाच्या क्रमाने गुन्हे करू लागला, तर सोन्याचे हरीण दिसताच पुढे कोणाचे हरण होणार हे पहिल्या रांगेतले पोरही सांगेल. तेव्हा रहस्यकथेतला न्याय लेखकाच्या आणि वाचकाच्या सामायिक लोककथेवर उभा असतो, असे मला वाटते. नॉक्सच्या नियमात हे कुठेच येत नाही.

उलट कादंबरीतल्या नद्यांच्या कथानकात आपणच घरचे ठरतो. टेम्स नदीची माता आणि टेम्सचा पिता यांच्यात हद्दीवरून भांडण आहे, आणि टायबर्न, फ्लीट यांसारख्या रस्त्यांखाली गाडल्या गेलेल्या नद्या त्या मातेच्या मुली म्हणून शहरात वावरतात. ज्यांच्या घरची माणसे वैनगंगेची ओटी भरतात, आणि वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते हे ज्यांनी शाळेत नकाशावर गिरवले आहे, त्यांना नदीला नातेगोते असते हे पटवून द्यावे लागत नाही. सांडपाणी सोसणाऱ्या नागपूरच्या नाग नदीचे मन कसे असेल, असे भाऊंनी विचारले तेव्हा ओट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

गुरुजींचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली आहेत. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा असूनही, 2021 मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यात, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांना बांधून मारहाण झाली, याची त्यांनी आठवण करून दिली. अशा मुलखात पोलीसच मंत्र शिकतात ही कथा पोरांच्या हाती द्यावी का, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण भगत ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याच्यावर गाव तुटून पडते. या कादंबरीत ज्याच्या हातून भीषण कृत्य घडते तोही बळीच असतो, आणि पोलीस अखेरपर्यंत त्याच्यामागच्या कर्त्याचा माग काढत राहतात. निर्दोष माणसाकडे बोट दाखवण्याची सोय या कथेत नाही. गुरुजींचे यावर समाधान झाले नाही, आणि ते व्हावेच असा माझा आग्रहही नाही.

माझी खरी तक्रार बांधणीबद्दल आहे. नद्यांचे भांडण आणि खुनांचा तपास ही दोन सूते शेवटपर्यंत शेजारी चालतात, पण एकमेकांत घट्ट विणली जात नाहीत. मधल्या प्रकरणांत तपास रेंगाळतो, आणि शेवटाकडे घटना इतक्या घाईने येतात की खुनामागचे कारण त्या रक्तपाताच्या मानाने तोकडे वाटते. लेस्ली मे ही पीटरची सहकारी त्याच्यापेक्षा सरस पोलीस आहे, हे लेखक स्वतः दाखवून देतो. तरीही तपासाची सूत्रे तिच्या हाती हवी तितकी येत नाहीत. जमादारकाकांना हे विशेष खटकले, कारण त्यांच्या ठाण्यातले उत्तम तपास त्यांनी महिला शिपायांकडून झालेले पाहिले होते.

वाद मिटवण्यासाठी गुरुजींनीच एक तोड काढली. भाऊंची मुलगी ब्रह्मपुरीला महाविद्यालयात शिकते. तिला आधी पंचचा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, मग पुस्तक द्यायचे, आणि पुढचा खून कोणता हे तिने कितव्या प्रकरणात ओळखले ते पाहायचे. तिने पीटरच्या आधी ओळखले, तर या कादंबरीपुरता नॉक्सचा नियम मागे घेण्याची तयारी गुरुजींनी दाखवली आहे. तोवर घरी तोंड उघडायचे नाही, अशी भाऊंना सक्त ताकीद दिलेली आहे.