प्रवेश मिळाला असेल, तर शिकणे आवरते घ्या

बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळाल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. अर्जासोबतच्या निबंधात आपण लिहिले होते की, लहान शेतकऱ्यांसाठी शीतगृहांची साखळी उभारणे हे आपले जीवितध्येय आहे. तो निबंध जपून ठेवावा, मात्र पुन्हा उघडून वाचू नये. वर्ग सुरू झाल्यावर पाच-सहा आठवड्यांतच आपले जीवितध्येय कन्सल्टिंग किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंग यांपैकी एक झालेले असेल, आणि अशा वेळी जुन्या ध्येयाचा लेखी पुरावा हाताशी नसलेलाच बरा. आपल्या बाबतीत असे घडणार नाही, अशी खात्री वाटत असल्यास शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याला विचारून पाहावे. त्यालाही तशीच खात्री आहे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला, तरी शिकण्याची घाई करू नये. दोन वर्षांच्या मधल्या सुट्टीत आठ-दहा आठवड्यांची इंटर्नशिप असते, कायमची नोकरी पुष्कळदा त्या इंटर्नशिपमधूनच मिळते आणि त्या इंटर्नशिपसाठीची धावपळ पहिल्याच सत्रात सुरू होते. म्हणजे ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात एवढेच नुकते कुठे समजलेले असताना आपण पुढच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा असतो, आणि निर्णय कसा घ्यावा हा विषय दुसऱ्या वर्षाला असतो.

अर्थशास्त्राच्या तासाला मायकेल स्पेन्स यांचा १९७३ सालचा लेख येईल. उमेदवार किती कुशल आहे हे मालकाला आधी कळत नाही. पदवी मिळवण्याचे कष्ट कुशल माणसाला तुलनेने कमी पडतात. त्यामुळे शिक्षणाने कौशल्यात काडीची भर पडली नाही, तरी पदवी ही खूण म्हणून बाजारात चालते, असा त्याचा आशय आहे. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा प्रश्न परीक्षेत आला, तर उत्तर नीट लिहावे, आकृती काढावी आणि हे सारे आपल्याच शुल्काविषयी चालले आहे, हे ओळखल्याचे चेहऱ्यावर दिसू देऊ नये. व्हार्टन आणि शिकागो यांसारख्या अमेरिकेतील बिझनेस स्कूलांमधील विद्यार्थ्यांनी तर आपले गुण नोकरी देणाऱ्यांना सांगायचेच नाहीत, असा आपसात संकेत ठरवून घेतला. स्पेन्स यांचे म्हणणे इतके मनावर घेणारे वाचक त्यांना अन्यत्र क्वचितच लाभले असतील.

वर्गात बोलण्याला गुण असतात, म्हणून बोलावे. केस, म्हणजे वर्गातील चर्चेसाठी दिलेली एखाद्या कंपनीची हकिकत, रात्री वाचून झाली नसेल, तर पहिल्या पाच मिनिटांत हात वर करावा, कारण तेव्हा फक्त पहिल्या पानावरची माहिती लागते. तेवढीही वाचली नसेल, तर ‘आधीच्या मुद्द्यात मी थोडी भर घालू इच्छितो’ असे म्हणून आधीचाच मुद्दा सावकाश पुन्हा सांगावा.

नेटवर्किंगला मात्र खरी मेहनत लागते. याच १९७३ सालात समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी विरळ ओळखींचे बळ दाखवून दिले. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या माणसांची त्यांनी पाहणी केली, त्यांतील जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते; बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. यावरून काढायचा निष्कर्ष उघड आहे. जिवाभावाचे मित्र हा वेळेचा अपव्यय असून, ज्याचे आडनावही आपल्याला आठवत नाही तोच आपला खरा हितचिंतक होय. कंपनीच्या परिचय-संध्येला पाहुण्याभोवती सात-आठ जणांचे अर्धवर्तुळ झालेले असेल, त्यात खांद्याने वाट काढत शिरावे. थंड पेय डाव्या हातात धरावे, म्हणजे हस्तांदोलनाचा हात कोरडा राहतो. ज्याचे उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावर आहे असाच प्रश्न विचारावा, पण रात्रभर चिंतन करून सुचल्यासारखा विचारावा. दुसऱ्या दिवशी आभाराची मेल धाडावी. (त्या मेलमध्ये ‘आपल्याच कंपनीत काम करण्याचे माझे स्वप्न आहे’ या वाक्याआधी कंपनीचे नाव बदलायचे असते. मी एकदा विसरलो होतो. उत्तर अतिशय सभ्य भाषेत आले आणि त्यात प्रतिस्पर्धी कंपनीतील कारकिर्दीसाठी मला शुभेच्छा होत्या.)

रेझ्युमे एका पानाचा असावा आणि त्यात आपण काहीही नुसते ‘केले’ असे नसावे. नेतृत्व केले, घडवून आणले, कायापालट केला असे असावे. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला असेल, तर दस्तऐवज-प्रक्रियेतील गंभीर अडथळा दूर केला असे लिहावे आणि पुढे वाचलेल्या वेळेची टक्केवारी द्यावी. ती अपूर्णांकात असावी. पूर्णांक बनावट वाटतात.

मुलाखतीत एका विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील असे विचारले, तर चेंडू कोणाला आणि कशासाठी हवे आहेत, असे विचारू नये. तो व्यवसायाचा प्रश्न झाला, आणि ती वेळ व्यवसायाची नव्हे. कागदावर चौकटी काढाव्यात. एखाद्या धंद्यातील स्पर्धा जोखण्यासाठी मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली मांडलेली पाच बले वापरावीत, मात्र पोर्टर यांचे नाव घेऊ नये, कारण सकाळपासूनच्या सर्व उमेदवारांनी ते घेतलेले असते. मुलाखतीचा सराव आपल्या खोलीतील सोबत्याबरोबर करावा. तोही त्याच जागेसाठी अर्ज करत असल्यामुळे आपले उत्तर फसले की तो मनापासून कौतुक करील. त्यावरून काय सुधारायचे ते कळते.

नोकरी मिळाल्यावर बुडीत खर्चाचा धडा आठवेल. जो पैसा गेला तो गेला, त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे, आणि त्यात आपल्याला पैकीच्या पैकी गुण होते. तरीही शैक्षणिक कर्जाकडे पाहून आपण नियुक्तिपत्रावर सही करावी आणि ‘फक्त दोन वर्षे, मग शीतगृहे’ असे घरी सांगावे. दोन वर्षांनी बढती मिळते, तेव्हा हेच वाक्य पुन्हा वापरता येते, आकडासुद्धा बदलावा लागत नाही. पुढे कधीतरी एखादा होतकरू उमेदवार आपला प्रवेशनिबंध तपासून घेण्यासाठी आपल्याकडे येईल. त्याला खेड्यापाड्यांत सौरपंप पोहोचवायचे असतील. निबंध लक्षपूर्वक वाचावा, दोन स्वल्पविराम दुरुस्त करावेत आणि ध्येय आणखी थोडे ठळक करायला सांगावे.