अजून अर्धा आटा

वडिलांनी हौसेने घेतलेली 1965 सालची जीप गेल्या वर्षी पन्हाळ्याच्या चढावर पाणी पिऊ लागली, तेव्हा उतारवयात तहान वाढतच असेल असे समजून मी रेडिएटरमध्ये दोन कळशा ओतल्या आणि गप्प बसलो. पुढच्या आठवड्यात सायलेन्सरमधून पांढरा धूर निघू लागला आणि ऑइलच्या पट्टीला दुधाच्या चहाचा रंग आला, म्हणजे पाणी सिलिंडरात तर जात होतेच, पण ऑइलमध्येही मिसळत होते. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड यांच्यामधली गळती रोखणारी पातळ पट्टी, उडाले होते. मी निवृत्त गणित शिक्षक आहे, हातात वेळ आहे, आणि पुस्तक वाचून कोणतेही काम करता येते असा माझा समज आहे, त्यामुळे हेड स्वतःच उतरवायचे ठरवले.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि जिथे उद्यमनगरात लेथचा आवाज दिवसभर थांबत नाही, त्या कोल्हापुरात बॉनेट उघडणे ही खासगी बाब राहत नाही. मी पहिला बोल्ट सैल करेपर्यंत आमच्या गल्लीतले पाच जण जीपभोवती उभे होते, आणि त्यांत अर्थातच तात्या होते. तात्या तरुणपणी तालमीत घुमलेले, आता पंच्याहत्तरीचे, पण जगातली कोणतीही वस्तू सुटत नसेल तर ती जोर कमी पडल्यामुळेच सुटत नाही यावर त्यांची अजून श्रद्धा आहे. सगळे बोल्ट काढूनही हेड जागचे हलेना, तेव्हा त्यांनी पहार मागवली. पहार येईपर्यंत मी पुस्तकाचे पान उलटले म्हणून बरे. हे विलीज जातीचे एफ-हेड इंजिन, म्हणजे हवा आत घेणारे इनटेकचे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये, आणि त्याचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली, हवा आत जाण्याच्या वाटेत लपलेला असतो. कार्ब्युरेटर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही, आणि तो न काढता पहार लावली तर बिडाचे हेड मोडते. तात्यांनी वाकून त्या बोल्टकडे पाहिले आणि "चोरच हाय की," एवढेच म्हणाले.

हेड उद्यमनगरात फेस मारून, म्हणजे खालची बाजू सपाट करून आणले, नवे गॅस्केट आले, आणि मग ज्याने त्याने मला एकच वाक्य ऐकवायला सुरुवात केली, "आता काय, नुसतं आवळायचं तर राहिलंय." या वाक्यातला ‘नुसतं’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला असेल, त्याने आयुष्यात फक्त बरणीचे झाकण आवळले असावे.

हेडचे बोल्ट आवळायचे म्हणजे मधून सुरुवात करून आळीपाळीने बाहेरच्या बाजूंना जायचे. एका टोकापासून ओळीने गेलो तर हेड तिरके बसते आणि गॅस्केटमध्ये कुठेतरी फट राहते. आमच्या सौ. पुरणपोळी लाटताना लाटणे मधून कडेला नेतात, कारण एकाच कडेने रेटले की पुरण दुसऱ्या कडेने बाहेर येते, आणि मला पुस्तकातली आवळण्याच्या क्रमाची आकृती समजली ती ओट्याजवळ उभे राहून. शिवाय हे सगळे एका फेरीत करायचे नसते. आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, फूट-पौंडांत मोजतात; पहिल्या फेरीत 30 फूट-पौंड, दुसरीत 50 आणि शेवटी 65, कारण या इंजिनाला 60 ते 70 चा टॉर्क सांगितला आहे.

त्याआधी बोल्टांचे आटे ब्रशने घासायचे, ब्लॉकमधल्या भोकांत आटे साफ करणारा टॅप फिरवायचा, आणि तळाशी बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचू द्यायचे नाही. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे उतरणारा बोल्ट तो दाब थेट ब्लॉकवर टाकतो आणि बिडाला तडा जातो. सायकलचा पंप घेऊन मी अर्धा दिवस भोके फुंकत बसलो होतो. आट्यांना मात्र तेलाचा हलका हात हवा, कारण पान्यावर लावलेल्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच संपतो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. आटे कोरडे किंवा गंजलेले असले की त्या दहातलेही घर्षणाच्या घशात जाते, आणि पाना मात्र 65 झाले म्हणून सांगत राहतो. शंभर सांगावे आणि दहा पोचावे, हे प्रमाण मला वर्गावरून चांगलेच ओळखीचे होते.

टॉर्क पाना मी एका ओळखीच्या गृहस्थांकडून उसना आणला. ठरवलेला आकडा गाठला की तो ‘टक्’ करतो आणि तिथेच थांबायचे असते. हे थांबणे तात्यांना मुळीच पटेना. "अजून अर्धा आटा बसतोय बघ," ते प्रत्येक बोल्टला म्हणत, आणि त्यांनी साध्या पान्यावर चढवायला तीन फुटी पाइपही तयार ठेवला होता. त्या पाइपच्या टोकाला त्यांनी नुसता 30 किलोंचा भार टाकला असता, तरी 66 पौंड गुणिले 3 फूट, म्हणजे 198 फूट-पौंड झाले असते, पाहिजे त्याच्या तिप्पट. मी हा हिशेब त्यांना जमिनीवर खडूने मांडून दाखवला. त्यांनी तो सगळा शांतपणे पाहिला आणि पाइप उचलून मागे ठेवला, पण टाकून दिला नाही.

तिन्ही फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत प्रत्येक ‘टक्’ला मला परीक्षेचा पेपर तपासून संपल्यासारखे वाटत होते. जीप चालू झाली, रंकाळ्यापर्यंत गेली, आणि तिथे मी बॉनेट उघडले तर हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर पाण्याची बारीक ओली रेघ.

उद्यमनगरातले मेस्त्री बघायला आले. त्यांनी पाना हातात घेतला, दांडीवरची अक्षरे उजेडाकडे धरून वाचली आणि म्हणाले, "सर, ह्यो न्यूटन-मीटरचा हाय. तुम्ही पासष्ट लावलासा, म्हणजे अठ्ठेचाळीसच फूट-पौंड झाले की. अठ्ठ्याऐंशी लावायला पायजे हुतं." मी काहीच बोललो नाही. तेव्हा मेस्त्री नजर पान्यावरच ठेवून हळूच पुढे म्हणाले, "नववीत एकक लिहिलं न्हाई म्हणून तुम्ही माझा अर्धा मार्क कापला हुता."

तीस वर्षांत मी असे किती अर्धे गुण कापले याची नोंद नाही. पण त्या दिवशी ते सगळे एकदम वसुलीला आले असे वाटले.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. त्या चोर बोल्टपायी कार्ब्युरेटर पुन्हा उतरवला, मधून बाहेर त्याच क्रमाने, बोल्टमागून बोल्ट थोडा सैल करून 88 ला आणला, आणि हेड आणखी खाली बसल्यामुळे इनटेकचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटची फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्याने, पुन्हा 0.018 इंचांवर आणली. चौथ्या टॅपेटपर्यंत माझी कंबर धरली होती. मेस्त्रींनी सांध्यावरून बोट फिरवले, मान हलवली आणि ते हात धुवायला गेले. मी चहा आणायला आत गेलो. कपात चहा ओतत असतानाच बाहेरून एक स्पष्ट ‘टक्’ ऐकू आला, आणि त्यामागोमाग, ‘टक्’ झाल्यावर कधीही ऐकू येऊ नये असा, बराच वेळ चाललेला कुरकुर आवाज.

बाहेर येऊन पाहिले तर टॉर्क पाना तात्यांच्या हातात होता आणि चेहऱ्यावर समाधान होते.

"तात्या, कुठला आवळलासा?"

"एकच आवळला रं," ते म्हणाले. "जरा ढिला वाटला. कुठला ते आता कसं सांगू, सगळे सारखेच दिसत्यात की."