स्पेसर बसवून "विसरून जावा" म्हणणाऱ्यांनो, नटाचे फेरे कधी मोजलेत काय?

"ओ सावकार, एकदा बसवलं की विसरून जावा, गाडी भंगारात जाईल पण स्पेसर काय होत न्हाई." चाक बाहेर यावं म्हणून त्याच्या मागं घालायच्या चकतीबद्दल, म्हणजे स्पेसरबद्दल, हे मला ती बसवणाऱ्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलेलं. सात महिने झाले त्याला, अजून आठवलं की डोकं फिरतं.

माझी २०१४ ची स्विफ्ट. मागची चाकं आत गेल्यासारखी दिसतात म्हणून १० मि.मी.चे स्पेसर टाकले, मुलाचाही हट्ट होता. अर्ध्या तासात काम संपलं. हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंज होता तो तसाच, त्यावरच चकती सरकवली, चाक लावलं आणि गनने टर्रर्र करून नट आवळले. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, नाही, काही नाही. १०० किलोमीटर झाल्यावर परत येऊन नट चेक करून घ्या एवढं एक वाक्य तरी? तेही नाही. नवीन स्पेसर बसवल्यावर पहिल्या ८०-१०० किलोमीटरमध्ये सगळं दबून बसतं आणि नट थोडे ढिले पडतात, ही या धंद्यातली पहिली गोष्ट आहे की ओ, आणि ती गिऱ्हाईकाला सांगत नाहीत!

महिन्याभरात बेळगावहून कोल्हापूरला जाताना काकतीच्या पुढे ८० च्या वर गेलं की सीट थरथरायला लागली. हत्तरगी टोल येईपर्यंत आई मागून विचारते, गाडी अशी का करते रे. परत आल्यावर बॅलन्सिंग केलं. थांबलं नाही. दुसरीकडे अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. तिसरीकडे सांगितलं टायर गेलेत, बदला. तीन ठिकाणी पैसे घातले आणि तिन्ही ठिकाणी चाक काढलेलं बरं का, स्पेसर डोळ्यासमोर होता, एकानंही त्याला हात लावून बघितलं नाही.

मग जुलैत जांबोटीवरून चोर्ला घाटानं निघालो, गोव्यातल्या साखळीला पाव्हण्यांकडे, गाडीत आई, बायको, दोन्ही मुलं. तो रस्ता पावसाळ्यात कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. कणकुंबीच्या अलीकडे मागून टक टक टक आवाज यायला लागला, खड्ड्यात गेलं की जास्त. थांबलो, धो धो पाऊस, छत्री मानेत धरून चाकाजवळ बसलो. चारातले दोन नट बोटानं फिरत होते. बोटानं! पान्याची गरजच नाही. तिसरा घट्ट वाटला म्हणून पाना लावला तर नट स्टडच्या, म्हणजे हबच्या ज्या आट्यांच्या दांड्यावर तो फिरतो त्याच्या, तुकड्यासकट हातात आला, आत कधीचा तुटलेला, तुटलेल्या जागेवर अर्धा भाग काळा-तांबूस आणि अर्धा नवा चकचकीत. म्हणजे तो एका दिवसात तुटलेला नाही, किती दिवस थोडा थोडा तुटत होता आणि मी पोरांना त्याच गाडीतून शाळेत सोडत होतो. अजून पाच किलोमीटर गेलो असतो तर घाट लागला असता. पुढचं लिहवत नाही.

दोन दिवसांनी उद्यमबागला ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे तो स्पेसर नेला. त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, एका बाजूला १०.१ मि.मी., दुसऱ्या बाजूला ९.७. सपाटच नाही! कास्टिंगचा माल, मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा कितीतरी मोठं, कारण "सगळ्या गाड्यांना चालतो". स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मि.मी.चा, चाक त्यावर बसून मध्यभागी येतं. १० मि.मी.ची जाड चकती मध्ये आली की तो उंचवटा चाकापर्यंत पोचतच नाही, चाक फक्त नटांच्या जीवावर लटकतं, थरथरणार नाही तर काय. काका म्हणाले, "हे बघून तुमास्नी राग येतोय, मला लाज वाटूलालीय." बरोबर आहे त्यांचं. ज्या बेळगावात पंपाचे, हायड्रॉलिकचे पार्ट मायक्रॉनमध्ये मोजून बाहेर जातात, फाउंड्रीत बारका छिद्र दिसलं तर माल रिजेक्ट करतात, त्याच गावात चाकाच्या आत असला माल टाकून वर विसरून जावा म्हणतात.

आणि फेऱ्यांचा हिशोब तर अजून भयंकर. स्टड १२ मि.मी.चा, आट्यांचं अंतर १.२५. म्हणजे १० मि.मी.चा स्पेसर घातला की नटाचे बरोबर ८ फेरे गेले. साधा नियम आहे, स्टड जेवढा जाड तेवढा तरी नट आत जायला पाहिजे, म्हणजे साडेनऊ-दहा फेरे. माझ्या चांगल्या राहिलेल्या चाकावर मी मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच, बास, आवळला. पाच फेऱ्यांवर पाच माणसं फिरत होती. लांब स्टड टाकायला पाहिजे होते, नाहीतर स्वतःचे बोल्ट असलेला जाड स्पेसर, तेही हबच्या मापाचा. पण लांब स्टड म्हटलं की हब खोला, वेळ घालवा, कोण करणार.

लोक विचारतात स्पेसर किती वर्षं टिकतो. अरे वर्षं कसली विचारताय! चांगल्या अॅल्युमिनियमचा, मशीनवर कोरलेला असेल तर तो गाडीएवढा टिकेल सुद्धा, पण त्याला धरून ठेवणारे स्टड आणि नट टिकतात काय ते बघा की. आपल्याकडं चार महिने पाऊस आणि लाल चिखल. लोखंडी हब आणि अॅल्युमिनियमची चकती मध्ये पाणी धरून बसली की पांढरी पावडर धरते आणि एकमेकाला चिकटतात, माझा एक तर लाकूड ठेवून हातोड्यानं काढायला लागला. म्हणून दर १० हजार किलोमीटरला काढून वायर ब्रशनं दोन्ही बाजू घासायच्या, भोकांच्या कडेला चीर आलीय काय बघायचं, पुसून कोरडं बसवायचं, नट समोरासमोरचे दोन टप्प्यात आवळायचे, माझ्या गाडीला ८५ न्यूटन-मीटर एवढा आवळायचा जोर लागतो, मॅन्युअलमध्ये छापलंय. आणि आट्यांना ग्रीस लावणारे हुशार पण भेटले, ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो, कुणाला पटत नाही. चाक बाहेर गेल्यामुळं बेअरिंगवर जास्त जोर येतो हे आणि वेगळंच.

दुकानात परत गेलो तर उत्तर काय, "तुम्ही घाटात आपटली असेल." मोडका स्टड काउंटरवर ठेवला तर हातात घेऊन बघितला सुद्धा नाही. आता चारही चाकं कंपनीसारखी आहेत, मागचे सगळे स्टड नवीन टाकले, टॉर्क रेंच स्वतः विकत घेतला.

परवा त्याच रस्त्यानं जाताना बघतो तर त्या दुकानाच्या दारात एक बोलेरो जॅकवर, चकत्या सरकवायचं चाललेलं. मी तिथंच थांबलो आणि गाडीवाल्याला, खानापूरकडचा होता, बाजूला घेऊन म्हटलं दादा एक नट सोडून हातानं परत लावा आणि फेरे मोजा. काम करणारा पोरगा चिडला, मालक बाहेर आला, बाचाबाची झाली. पण त्या माणसानं मोजले. सहा झाले. गाडी तशीच जॅकवर असताना त्यानं चकत्या काढायला लावल्या.