हळदीला विरोध नाही, घाईला आहे : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्या-मांजराने धरलेल्या कोंबडीच्या जखमेत हळद भरू नका, हे आमच्या आधीच्या लेखातलं वाक्य तुम्हाला खटकलं. घणसोली गावठाणात तुमच्या घरी तीन पिढ्या हळद-चुना लावतात आणि कोंबड्या जगतात. हळदीसाठी तर माशेलकर अमेरिकेशी भांडून जिंकले. जखम शिवू नका हा सल्ला तुम्हाला उफराटा वाटला, आणि पाचशेच्या कोंबडीपायी डॉक्टर गाठणं म्हणजे शहरी चोचले. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत की परवा तुमच्या तलंगेला, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला, बोक्याने मानेपाशी धरलं होतं, हळद दाबली आणि आता ती दाणे टिपतेय. तिच्याबद्दल शेवटी लिहिलंय, ते मात्र आजच करा.

आधी माशेलकरांचं. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण वाद होता तो हे ज्ञान नवं आहे की भारतात आधीपासून ठाऊक आहे, याचा. बोक्याच्या दाताने पडलेल्या भोकात हळदपूड कोंबावी की नाही, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता.

आमची खरी अडचण त्या भोकाचीच आहे. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. वरून दिसतो तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, आत मात्र तो थेट मांसापर्यंत गेलेला असतो आणि मांजराच्या तोंडातले पाश्चरेलासारखे जंतू तिथे सोडून येतो. वर हळद दाबली की रक्तात कालवून तिची घट्ट खपली होते. जखम बंद, घाण आत. त्यात पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो पनीरसारखा घट्ट गोळा होऊन बसतो, त्यामुळे आपोआप वाहून जात नाही. माणसाचं गळू फुटून मोकळं होतं, कोंबडीचं तसं होत नाही.

चुना तर नकोच. भिजवलेला चुना तीव्र अल्कली असतो, उघडं मांस भाजतो. शिवाय हळदीत चुना पडला की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करत. लाल डाग दिसला की खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्या त्यावर चोची मारतात. बोक्याच्या तावडीतून वाचलेली कोंबडी स्वतःच्याच कळपाने पोखरून मारलेली आढळते, ती बरेचदा यामुळेच. वेगळं ठेवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं, आणि नवी कातडी येईपर्यंत तरी.

आता क्रम. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून घड्याळ लावून पाच मिनिटं दाबा, मध्येच उचलून बघू नका. मग तासभर तिला काळोख्या, हवेशीर खोक्यात एकटी सोडा. तुरा पांढुरका आणि पाय गार पडलेले असतील तर ती धक्क्यात (शॉकमध्ये) आहे. अशा वेळी लगेच धुवायला, उलटी-सुलटी करायला घेतलं तर जखमेने नव्हे, हाताळण्याने मरते. धरतानाही छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड वरखाली होतं तेव्हाच श्वास जातो-येतो. टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, डोकं झाका.

पिसं उपटू नका, कातडी कागदासारखी असते, सोबत फाटत येते. जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा. मग फुंकर मारत पंखांखाली, शेपटीच्या बुडाशी, मानेभोवती सगळीकडे बघा. एक भोक सापडलं तर समोरच्या बाजूला दुसरं असणारच असं धरून चाला, जबड्याला दोन बाजू असतात.

धुण्यासाठी मेडिकलमधली नॉर्मल सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली घ्या, किंवा उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. वीस मिलीच्या सिरिंजने, सुई न लावता, भोकात धार मारा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत मारत राहा, शंभर-दोनशे मिली सहज लागतं. मग पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक एक भाग, सलाईन नऊ भाग असं मिसळून त्याने धुवा. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा हवा. बाटलीवर ‘स्क्रब’ लिहिलेलं नको, त्यात साबण असतो. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस समाधान देतो खरा, पण नवी वाढणारी कातडीही जाळतो. गुरांच्या जखमेवर ओततात ते टर्पेंटाईन आणि रॉकेलही नको. सुरुवातीचे तीन-चार दिवस दोनदा धुवा, नंतर एकदा पुरे.

धार मारण्याला एक अपवाद आहे. जखमेतून श्वासागणिक बुडबुडे येत असतील किंवा कातडीखाली हवा भरून दाबल्यावर चुरचुरत असेल, तर फुप्फुसांना जोडलेली हवेची पिशवी फुटली आहे. तिथे पाणी मारलंत तर ते थेट श्वसनमार्गात जाईल. तसंच प्यायलेलं पाणी गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीतून बाहेर गळत असेल तर ते भोक शिवावंच लागतं. या दोन्हीला घरगुती इलाज नाही.

शिवण्याचा तुमचा आक्षेप त्यामुळे निम्मा बरोबर आहे. स्वच्छ, ताजी, लांब फाट डॉक्टर शिवतात. पण दाताचं भोक, किंवा कुत्र्याने झटकल्यामुळे कातडी मांसापासून सुटून झालेली पोकळी शिवली, तर आत घट्ट पू साठायला कोठार तयार. पाठीवरचा तळव्याएवढा उघडा भागही ओलसर आणि स्वच्छ राहिला तर काही आठवड्यांत कडेकडेने आवळत भरून येतो, बघायला मात्र धीर लागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेभोवती हिरवं दिसलं की लोक घाबरतात, सडलं म्हणून कोंबडी कापतात. पक्ष्यांत मुका मार हिरवाच होतो, आपल्यात काळानिळा-पिवळा होतो तसा. वास नसेल तर काळजी नको. काळं, कडक आणि दुर्गंधी येणारं मांस म्हणजे मेलेलं.

आपल्याकडे पावसाळ्यात खरा शत्रू माशी. येऊरच्या पाड्यावर काय नि कोपरखैरण्याच्या चाळीत काय, जून ते सप्टेंबर उघडी जखम बाहेर ठेवलीत तर एका दिवसात अळ्या दिसू शकतात. खोक्यावर मच्छरदाणी टाका. धुतल्यानंतर वर मध लावलेला चालतो, पण मग खोकं स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या कुणाची वाट बघत नाहीत. उथळ खरचटल्यावर, धुऊन झाल्यावर, तुमची हळदही लावा. आमची हरकत फक्त ‘आधी हळद’ला आहे.

खर्च. सलाईन, आयोडीन, सिरिंज मिळून दोन-अडीचशेत भागतं आणि पुढच्या वेळेलाही पुरतं. डॉक्टर प्रत्येक खरचटण्याला नको. पण मांजराचा दात कातडीच्या आत गेला असेल तर अँटिबायोटिक पहिल्या चोवीस तासांत हवं, आणि ते डॉक्टरने वजनावर ठरवलेलं. दुकानातली पावडर पाण्यात टाकून उपयोग कमी, आजारी कोंबडी पाणीच कमी पिते. किती दिवस अंडी खायची नाहीत हे तिथेच विचारा. घरातली डायक्लोफेनॅकची गोळी दुखण्यावर चुकूनही देऊ नका. गिधाडं ज्यामुळे संपत आली ते हेच औषध, जनावरांसाठी ते २००६ साली बंद झालं. परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय लांब वाटलं तर ठाण्या-वाशीत पक्षी बघणारे खाजगी डॉक्टर आहेत, फक्त निघण्याआधी फोनवर ‘कोंबडी बघता का’ विचारा, सगळे बघत नाहीत. आणि पोट फाटून आतडं बाहेर आलंय, पाय ओढतेय अशी अवस्था असेल तर तिला लवकर सोडवणं हीच दया, यात आमचं-तुमचं एकमत असेल.

आता तुमची तलंग. दाणे टिपते याला फार भुलू नका. कोंबडी दुखणं लपवते, नाहीतर कळपात टोचून खातात. संध्याकाळी खुराड्यात शांत झाल्यावर तिला उचला, कोमट सलाईनने भिजवलेला कापूस हळदीच्या खपलीवर दहा मिनिटं धरा, मऊ झाली की सोडवा, ओढू नका. मग दोन बोटांनी मानेची कातडी दोन्ही बाजूंनी चाचपा. दाताचं भोक दिसत नसेल आणि कातडी मऊ, सपाट असेल तर वर सांगितल्यासारखं धुवा आणि आठवडाभर रोज चाचपत राहा. भोक दिसलं, वाटाण्याएवढी कडक गाठ लागली किंवा तो भाग गरम लागला, तर चोवीस तास उलटले असले तरी पिळू नका, पिळून तो पू निघत नाही, आत पसरतो. तशीच घेऊन डॉक्टरकडे जा, आणि बोक्याने कधी धरलं तो वार-वेळ सांगा. विष्ठा फक्त हिरवी-पांढरी पातळ पडत असेल तर ती टिपते पण गिळत नाही, हेही सांगा.